पंचसाहेब, एक विचारू?

२ फेब्रुवारी २०२५, रविवार. अहिल्यानगरच्या वाडिया पार्क मैदानावर ६७व्या महाराष्ट्र केसरी कुस्ती स्पर्धेचा शेवटचा दिवस होता. गादी विभागाच्या अंतिम लढतीत नांदेडकडून उतरलेला शिवराज राक्षे आणि पुण्याचा पृथ्वीराज मोहोळ समोरासमोर आले. मोहोळने डाव टाकला, राक्षे पाठीवर गेला आणि पंचांनी चितपट जाहीर केली. राक्षेचं म्हणणं होतं की दोन्ही खांदे टेकलेच नाहीत. त्याने व्हिडिओ पाहून फेरनिर्णय द्यायची मागणी केली. निर्णय बदलला नाही. शब्दाला शब्द वाढला आणि राक्षेने पंचांना लाथ मारली. ते दृश्य त्या रात्री महाराष्ट्रातल्या प्रत्येक मोबाइलवर फिरत होतं.

एवढ्यावर संपलं असतं तर तो एका पैलवानाचा संताप म्हणून विसरला गेला असता. पण त्याच संध्याकाळी गदेसाठीच्या अंतिम लढतीत सोलापूरचा महेंद्र गायकवाड एका गुणावरून पंचांशी वाद घालू लागला आणि अखेरचे काही सेकंद उरले असताना आखाडा सोडून निघून गेला. मोहोळ विजयी ठरला. चांदीची गदा त्याच्या खांद्यावर आली खरी, पण दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत विजेत्यापेक्षा पंचच जास्त होते. राज्य कुस्तीगीर संघाने राक्षे आणि गायकवाड या दोघांना तीन वर्षांसाठी निलंबित केलं. पुढे वादग्रस्त निर्णयाच्या चौकशीसाठी समितीही नेमली गेली. २००७ आणि २००८ चे महाराष्ट्र केसरी चंद्रहार पाटील यांनी २००९ साली आपल्यावरही असाच अन्याय झाल्याचं सांगत दोन्ही गदा परत करण्याची घोषणा केली. म्हणजे सोळा वर्षांपूर्वीचा प्रश्नही अजून कुणीतरी मनात धरून होतं.

लाथेचं समर्थन होऊ शकत नाही. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये क्यूबाचा तायक्वांदोपटू आंखेल मातोस याने स्वीडनच्या पंचांच्या तोंडावर लाथ मारली होती. दुखापतीसाठी मिळालेला एक मिनिट संपल्याने त्याला बाद ठरवलं होतं, एवढंच कारण. त्याच्यावर आणि त्याच्या प्रशिक्षकावर आजन्म बंदी आली. त्यापुढे तीन वर्षं सौम्यच म्हणायची. पण लाथ बाजूला ठेवली की राक्षेने आधी केलेली मागणी उरते. खेळाडूने पंचाला विचारायचं असेल, तर ते कुठे, कधी आणि कुणाच्या तोंडून? कुस्तीकडे याचं उत्तर आहे, पण ते अर्धंच.

आधी चितपट म्हणजे नेमकं काय, ते पाहू. दोन्ही खांदे एकाच वेळी गादीला टेकलेले आणि पंचाला खात्री पटेल इतका क्षण ते दाबून धरलेले असले पाहिजेत. तो क्षण सेकंदाहून लहान असतो. खांद्याचं हाड आणि गादी यांच्यात बोटभर फट उरली आहे का, हे पाहायला पंच गादीवर आडवा होतो, डोकं गादीला लावतो. तरी त्याला एकच बाजू दिसते. पलीकडच्या खांद्यावर बहुधा प्रतिस्पर्ध्याची छाती असते. म्हणूनच आंतरराष्ट्रीय नियमांनी हा निर्णय एकट्यावर सोडलेला नाही. गादीवरचा पंच, कडेला बसलेला दुसरा पंच आणि टेबलावरचा मॅट चेअरमन असे तिघे असतात. चितपटीला गादीवरच्या पंचाखेरीज उरलेल्या दोघांपैकी एकाची तरी संमती लागते. ती मिळाल्यावरच गादीवर हात आपटायचा आणि शिट्टी वाजवायची.

गुणांच्या बाबतीत कुस्तीने आणखी एक सोय केली आहे. गुण लागल्यावर प्रशिक्षकाला पटलं नाही, तर तो पाच सेकंदांत आपल्या पैलवानाच्या रंगाचा मऊ ठोकळा गादीवर फेकतो. याला ‘चॅलेंज’ म्हणतात. व्हिडिओ पाहिला जातो. प्रशिक्षक चुकला तर प्रतिस्पर्ध्याला एक गुण मिळतो आणि त्या लढतीपुरता चॅलेंजचा हक्क जातो. शंकेची किंमत ठरलेली आहे, त्यामुळे कुणी उगाच ठोकळा फेकत नाही. पैलवानाला पसंत नसेल तर तो आपल्याच प्रशिक्षकाचं चॅलेंज नाकारूही शकतो. गादीवर काय झालं ते त्याच्या अंगाला ठाऊक असतं, हे इथे नियमानेच मान्य केलं आहे.

मातीत हे काहीच नव्हतं, कारण तिथे गुणच नव्हते. जत्रेच्या फडात कुस्ती निकाली व्हायची किंवा बरोबरीत सोडवली जायची. पंच म्हणजे पंचक्रोशीत नाव असलेला एखादा जुना पैलवान. त्याचा फेटा आणि त्याने स्वतः मारलेल्या कुस्त्या हाच त्याचा अधिकार. वाद झालाच तर दोन्हीकडचे वस्ताद आत उतरायचे, हलगी थांबायची, चार माणसं बोलायची आणि बहुतेकदा जोड पुन्हा लावली जायची. ही पद्धत फार न्यायाची होती असं नाही, गावचा पैलवान आणि परगावचा पैलवान यांना ती सारखीच वागवायची असंही नाही. पण विचारायला जागा होती आणि उत्तर सगळ्यांसमोर मिळायचं.

महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद १९५३ साली मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकाराने स्थापन झाली. १९६१ साली औरंगाबादला दिनकर दह्यारी पहिले महाराष्ट्र केसरी झाले. त्यानंतर माती आणि गादी अशा दोन वाटा पडल्या आणि गादीबरोबर गुण आले. झोनबाहेर पाय गेला की एक, खाली घेतलं की दोन, थेट पाठीवर फेकलं की चार. सहा मिनिटांच्या लढतीत पंच आता दहा-बारा निर्णय देतो. पूर्वी तो एकच द्यायचा. वादाच्या जागा तितक्याच पटींनी वाढल्या.

जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात कोथरूडला हेच झालं होतं. माती विभागाच्या लढतीत महेंद्र गायकवाडने सिकंदर शेखला बाहेरची टांग लावली आणि त्याला चार गुण मिळाले. सिकंदरची पाठ खरोखर धोकादायक स्थितीत गेली होती का, यावर राज्यभर काथ्याकूट झाला. पंचांना फोनवरून धमकी आली आणि प्रकरण पोलिसांत गेलं. ज्या गायकवाडला तेव्हा पंचांचा निर्णय लाभला, तोच दोन वर्षांनी नगरमध्ये पंचांवर रागावून बाहेर पडला. त्याच कोथरूडच्या स्पर्धेत गायकवाडला हरवून गदा उचलणारा राक्षे होता. पंचाची चूक आपल्या बाजूने झाली की ती चूक वाटत नाही, हे पैलवानांपुरतं खरं नाही.

१९५४ साली हॅस्टॉर्फ आणि कँट्रिल या मानसशास्त्रज्ञांनी हे तपासून पाहिलं होतं. अमेरिकेतल्या डार्टमथ आणि प्रिन्स्टन या दोन विद्यापीठांमध्ये एक धसमुसळा फुटबॉल सामना झाला होता. त्याची एकच फिल्म त्यांनी दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना दाखवली आणि नियमभंग मोजायला सांगितले. डार्टमथच्या मुलांना आपल्या संघाचे जेवढे नियमभंग दिसले, त्याच्या दुपटीहून जास्त प्रिन्स्टनच्या मुलांना दिसले. फिल्म तीच होती, डोळे मात्र दोन गावांचे होते.

पंचांचे डोळेही निर्लेप नसतात. २००२ साली नेव्हिल आणि सहकाऱ्यांनी इंग्लंडमधल्या ४० प्रशिक्षित पंचांना एका फुटबॉल सामन्यातले ४७ प्रसंग दाखवले. काहींना प्रेक्षकांच्या आवाजासह, काहींना आवाज बंद करून. आवाज ऐकणाऱ्यांनी यजमान संघाविरुद्ध १५.५ टक्के कमी फाउल दिले. वाडिया पार्कसारखं मैदान भरलेलं असताना पंच काय ऐकत असतो, त्याची कल्पना करावी. आणि व्हिडिओ हा यावरचा रामबाण उपाय आहे, असंही समजू नये. स्लो मोशनमध्ये पाहिलेली कृती लोकांना अधिक हेतुपुरस्सर वाटते, असं २०१६ च्या एका अमेरिकी अभ्यासात दिसून आलं. खांदा टेकला की नाही हे संथ चित्रात कदाचित नीट दिसेल. मुद्दाम ढकललं का, हे मात्र त्यात आहे त्यापेक्षा जास्त दिसेल.

पंचाला प्रश्न विचारण्याची व्यवस्था कशी लावता येते, हे पाहायचं तर बास्केटबॉलकडे वळावं लागतं. या खेळात मिनिटाला दोन-तीन निर्णय होतात, हाताला हात लागला की फाउल आणि नुसता चेंडूला लागला तर काही नाही. इतक्या किरकोळ फरकांवर चालणाऱ्या खेळाला शंका हाताळायला शिकावंच लागलं. शिकताना त्याने बऱ्याच ठेचा खाल्ल्या.

सर्वांत मोठी ठेच म्युनिक, १९७२. ऑलिंपिकची अंतिम लढत, अमेरिका विरुद्ध सोव्हिएत संघ. डग कॉलिन्सच्या दोन फ्री थ्रोंनी अमेरिका ५०-४९ अशी पुढे गेली, तीन सेकंद उरले. घड्याळ, भोंगा आणि टाइमआउट यांच्या गोंधळात ते तीन सेकंद तीन वेळा खेळवले गेले. तिसऱ्या खेपेला अलेक्सांदर बेलोव्हने चेंडू टाकला आणि निकाल ५१-५० असा उलटला. ब्राझीलचे पंच रेनातो रिगेत्तो यांनी गुणपत्रिकेवर सही करायला नकार दिला. अमेरिकेने रीतसर हरकत घेतली. पाच जणांच्या अपील समितीने ती ३ विरुद्ध २ मतांनी फेटाळली. अमेरिकी खेळाडूंनी रौप्यपदकं आजतागायत स्वीकारलेली नाहीत. राग कमी नव्हता, पण तो समितीपर्यंत गेला, कागदावर आला आणि मतांनी मोजला गेला.

आपल्याकडचं, क्रिकेटमधलं उदाहरण आठवायचं तर १९८१ चं मेलबर्न. लिलीच्या चेंडूवर पायचीत दिल्यावर सुनील गावसकर चेतन चौहानलाही बरोबर घेऊन निघाले होते. सीमारेषेशी संघव्यवस्थापक दुराणी यांनी चौहानला अडवलं म्हणून कसोटी वाचली, आणि मग ऑस्ट्रेलियाला ८३ धावांत गुंडाळून भारताने ती जिंकलीही. तेव्हा पंचाला विचारायची सोय नव्हती. आज गावसकरांनी दोन हातांनी ‘टी’ची खूण केली असती आणि प्रकरण तिथेच मिटलं असतं. निर्णय कायम राहिला असता कदाचित, पण त्याबद्दल विचारता आलं असतं.

बास्केटबॉलच्या आंतरराष्ट्रीय नियमांत बोलण्याचा हक्क कुणाला, हे आधीच ठरलेलं आहे. चेंडू थांबलेला असताना आणि घड्याळ बंद असताना संघाच्या कर्णधाराने पंचांकडे सौजन्याने माहिती विचारावी. सामना संपल्यावर निकालाविरुद्ध हरकत घ्यायची असेल तर त्यानेच पंधरा मिनिटांच्या आत मुख्य पंचांना तसं सांगायचं आणि गुणपत्रिकेवर त्यासाठी राखलेल्या चौकटीत सही करायची. खरी मेख मात्र हरकत कशावर घेता येते त्यात आहे. गुणनोंदणीत चूक झाली, घड्याळात चूक झाली, अपात्र खेळाडू उतरवला, सामना रद्द केला, असल्या गोष्टींवर घेता येते. फाउल होता की नव्हता यावर घेता येत नाही. पंचाने डोळ्यांनी पाहून दिलेला निर्णय सामन्यानंतर उलटत नाही, पंचाच्या टेबलावर झालेली हिशेबाची चूक उलटू शकते. पहिल्यांदा वाचताना हा नियम अन्यायाचा वाटतो. पण फाउलवर हरकती घेऊ दिल्या तर एकही सामना कधी संपणार नाही, हेही तितकंच खरं.

हिशेबाची चूक उलटल्याचं सर्वांत गमतीदार उदाहरण अमेरिकेच्या एनबीए लीगमधलं आहे. १९ डिसेंबर २००७, अटलांटा हॉक्स विरुद्ध मायामी हीट. अवांतर वेळेतले ५१.९ सेकंद उरले असताना शकील ओनीलला सहावा फाउल लागला म्हणून बाहेर काढलं. प्रत्यक्षात तो त्याचा पाचवाच होता, टेबलावरच्या नोंदकांनी चुकून एक जादा लिहिला होता. मायामीची हरकत लीगने मान्य केली, अटलांटाला पन्नास हजार डॉलरचा दंड ठोठावला आणि ८ मार्च २००८ रोजी ते ५१.९ सेकंद पुन्हा खेळवले. तोपर्यंत ओनील फिनिक्सच्या संघात गेला होता. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला तोच मैदानात नव्हता. त्या सेकंदांत कुणाचाच गुण झाला नाही आणि अटलांटा पुन्हा जिंकली.

डोळ्यांच्या निर्णयासाठी एनबीएने वेगळा उपाय काढला. सामना संपल्यावर खेळाडू पंचाकडे जात नाहीत. पत्रकारांपैकी नेमलेला एक प्रतिनिधी वादग्रस्त निर्णयाबद्दल मुख्य पंचाला प्रश्न विचारतो आणि उत्तर सगळ्यांना कळवतो. शिवाय मार्च २०१५ पासून अटीतटीच्या सामन्यांच्या शेवटच्या दोन मिनिटांचा अहवाल लीग स्वतः दुसऱ्या दिवशी प्रसिद्ध करते. कोणता निर्णय बरोबर, कोणता चूक, कुठे शिट्टी वाजायला हवी होती, सगळं ओळीने. निकाल बदलत नाही.

२८ जानेवारी २०२३ ला बोस्टनमध्ये या सगळ्याची कसोटी लागली. बरोबरीत असताना शेवटच्या क्षणी लेब्रॉन जेम्स चेंडू टाकायला झेपावला, जेसन टेटमचा हात त्याच्या हातावर बसला, पण शिट्टी वाजली नाही. जेम्स गुडघ्यांवर कोसळला. त्याचा सहकारी पॅट्रिक बेव्हर्ली एका छायाचित्रकाराचा कॅमेरा घेऊन थेट पंचाकडे गेला, फोटो दाखवायला! पुरावा अगदी पक्का होता. पंचांनी तो पाहण्याऐवजी बेव्हर्लीला टेक्निकल फाउल दिला आणि अवांतर वेळेची सुरुवात बोस्टनच्या फुकटच्या एका गुणाने झाली. जेम्सचा लेकर्स संघ १२५-१२१ असा हरला. सामन्यानंतर मुख्य पंचांनी पत्रकार प्रतिनिधीसमोर कबूल केलं की फाउल सुटला. बेव्हर्लीचा प्रश्न योग्य होता, फक्त त्याने तो चुकीच्या वेळी आणि चुकीच्या दारातून विचारला.

अशी जाहीर कबुली सगळ्यांना आवडते असं नाही. २०१६ च्या नाताळच्या सामन्यात केव्हिन ड्युरांटवर फाउल झाला होता आणि तो दिला गेला नाही, असं अहवालाने मान्य केलं. निकाल ड्युरांटच्या संघाविरुद्ध एका गुणाने गेला होता. तरीही ड्युरांट अहवालावरच उखडला. पंचांना दुसऱ्या दिवशी असं चव्हाट्यावर आणणं बरोबर नाही, असं त्याचं म्हणणं पडलं. त्यात तथ्य आहे. शेवटच्या दोन मिनिटांतल्या चुका छापल्या जातात, पहिल्या सेहेचाळीस मिनिटांतल्या नाहीत, त्यामुळे पंच फक्त शेवटीच चुकतात असं चित्र तयार होतं. पण लीगने अहवाल थांबवलेला नाही. हरणाऱ्याच्या मनातली ‘आपल्याला फसवलं’ ही शंका दुसऱ्या दिवशी ‘पंच चुकले’ इतकी तरी लहान होते.

वाडिया पार्कनंतर अहिल्यानगर जिल्ह्याला पंचांचा हा विषय लगेचच पुन्हा भेटला. राज्यात कुस्तीच्या दोन संघटना झाल्यामुळे २०२५ च्याच मार्चमध्ये कर्जतला दुसरी महाराष्ट्र केसरी स्पर्धा भरली आणि वेताळ शेळके तिथे केसरी झाला. एकाच जिल्ह्यात दोन महिन्यांत दोन केसरी! एका संघटनेच्या पंचाबद्दलची तक्रार दुसरीने ऐकायची का, निलंबन दोन्हीकडे लागू की एकीकडेच, असले प्रश्न यातून निघतात. राक्षेला त्या संध्याकाळी चित्रण लावून सगळ्यांसमोर उत्तर दिलं असतं, तर पुढच्या समितीचं निम्मं काम तिथेच झालं असतं. ते उत्तर त्याच्या विरोधात गेलं असतं तरीही.

याच जिल्ह्यात अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याचा हर्षवर्धन सदगीर २०२० साली नाशिककडून महाराष्ट्र केसरी झाला, तेव्हा त्याने हरलेल्या शैलेश शेळकेला खांद्यावर उचलून घेतलं होतं. दोघेही पुण्याच्या काका पवार यांच्या तालमीतले. ते छायाचित्र लोकांच्या लक्षात राहिलं. पण पंचाच्या चुकीचा निवाडा पैलवानांच्या मोठ्या मनावर टाकून चालत नाही, त्याला नियम लागतो.

तालुक्याच्या शालेय बास्केटबॉल सामन्यात कॅमेरा नसतो, अपील समिती नसते, पत्रकारही नसतो. गळ्यात शिट्टी घातलेले पंच, टेबलावर नोंदणी करणारे आणि कडेला ओरडणारे पालक, एवढाच पसारा. तिथेही कर्णधाराला नियमाने दिलेली वाट मोकळीच असते, फक्त ती मुलांना सहसा कुणी सांगत नाही. सामन्यात शंका आली तर चेंडू थांबेपर्यंत थांबायचं आणि ‘फाउल का दिला’ असं न म्हणता ‘फाउल कुणाचा, कितवा’ असं विचारायचं. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळतं. भोंगा वाजल्यावर हरकत असेल तर गुणपत्रिका गाठायची. तिच्यावर आधी टेबलावरचे सहाय्यक सह्या करतात, मग सहपंच आणि सर्वांत शेवटी मुख्य पंच. मुख्य पंचांची सही झाली की त्या सामन्याशी पंचांचा नियमाने काही संबंध उरत नाही. मोटारसायकलपाशी त्यांना गाठून कितीही पटवलं तरी त्यांच्या हातात काही नसतं. जे विचारायचं ते त्या सहीच्या आधी विचारायचं आणि कर्णधाराची सही तिच्या आधी पडलेली हवी.